थेरपीचा मंगळवार हजेरीत धरा

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. घरीच टॉवेलच्या कडा शिवते, नगावर मजुरी मिळते. लेक ७ वर्षांची, दुसरीत आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा राहत नाही. दोन्ही पाय ताठ, उजवा जरा जास्तच. दर मंगळवारी ती थेरपीला जाते आणि दर मंगळवारी हजेरीपटावर तिची गैरहजेरी लागते. हे पत्र त्या मंगळवारासाठी आहे.

व्यायामाचा पहिला कागद हातात पडला तो इंग्रजीत. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराकडून वाचून घेतला: हे १० वेळा, ते १० वेळा, दिवसातून तीनदा. मी मशीन बंद करून बसायचे, लेक रडायची, सासूबाई म्हणायच्या, "पोरीला का छळतीस गं?" महिन्याभरात कागद पिठाच्या डब्याखाली गेला.

पुढे एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी आधी विचारलं, घरात दिवसभर काय चालतं? मी म्हटलं, टॉवेल. त्या म्हणाल्या, मग टॉवेलच घ्या.

आता लेक बुटक्या स्टुलावर बसते, टाचा जमिनीला टेकवून. एक टॉवेल उचलते, उभी राहते, टेबलावर ठेवते, पुन्हा सावकाश बसते. कागदावर हे १० वेळा होतं. आमच्यात १२ वेळा होतं, कारण माल डझनावर जातो. अर्धा डझन म्हणजे किती, हे शाळेत यायच्या आधी तिच्या मांड्यांना कळलं होतं. डावीकडचा टॉवेल उजव्या हातानं घ्यायचा, म्हणजे कंबर वळते. डावं-उजवं त्यातच पक्कं झालं. गुडघ्यांवर उभी राहून ती भिंतीवर खडूनं अक्षरं काढते. 'ळ' काढताना हमखास तोल जातो, मग हसते आणि पुन्हा काढते. आज्जी चटणीसाठी शेंगा फोडायला बसली की ही शेजारी. पाय मागे दुमडून बसायचं नाही एवढीच अट. दोन दाण्यांच्या शेंगा किती, तीन दाण्यांच्या किती, एकूण दाणे किती? आमच्या जिन्याला पायऱ्या ११. चैत्रापासून महिने म्हणत चढते, म्हणून फाल्गुन नेहमी गच्चीवर येतो.

सगळंच असं जमतं असं नाही. पोटऱ्यांचा ताण हा ताणच असतो, पायाला बांधायचे आधार, म्हणजे स्प्लिंट, टोचतात, तिथे कुठलाही खेळ चालत नाही. कुठला व्यायाम कशात मिसळायचा तेही जाणकारानंच सांगावं लागतं, चुकीच्या सवयीनं सांध्यांचं नुकसान होतं. आणि मीही हावरी होते. एकदा जिन्यात म्हणाली, "आई, आज नुसतं चढू दे की." त्या दिवशी महिने राहिले.

शाळेत मात्र ती बसून असते. फळा पुसायला उठली की "तू बस, पडशील." बाई वाईट नाहीत. त्यांच्या वर्गात इतकी मुलं, त्यात ही पडली तर जबाब कोण देणार? उभं राहून फळा पुसणं, वह्या वाटणं हाच तिचा व्यायाम आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही. थेरपीवाले शाळा बघत नाहीत, शाळावाले थेरपी बघत नाहीत, मधे मी निरोप्या.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ६ ते १८ वर्षांच्या अशा मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला, जवळच्या शाळेत शिकायची मुभा दिली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून अंगणवाडी-शाळांत मुलांची तपासणी होते. तपासणी आरोग्य खात्याची, अंगणवाडी महिला व बालविकासाची, शाळा आपली. हे ठाऊक आहे मला. पण पाय तिन्हीकडे तेच जातात.

म्हणून मागते ते थोडंच. फिजिओथेरपिस्टनं शाळेच्या सत्रातून एकदा तरी वर्गात येऊन तासभर बसावं आणि बाईंबरोबर ठरवावं: हजेरीच्या वेळी ही कुठे उभी राहील, प्रार्थनेला कशाला धरेल, कुठलं काम तिला द्यायचं. ते मराठीत एका पानावर लिहून द्यावं. आमच्या भागात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारी घरंही आहेत, त्यांना त्यांच्या भाषेत. घरी मशीन आहे की माग, की विड्या वळतात, हे विचारून मगच व्यायाम सांगावा. आणि थेरपीचा दिवस हजेरीत धरावा. शक्य असेल तिथे थेरपीच शाळेत यावी.

येत्या मंगळवारी सकाळी १० ची वेळ मिळाली आहे. त्याच दिवशी हातच्याची वजाबाकी सुरू करणार असल्याचं बाईंनी आधीच सांगून ठेवलंय.

आपली,
टॉवेल शिवणारी एक आई
सोलापूर