पाठ टेकली म्हणून रडू नकोस

प्रिय चिनू,

काल फोनवर तू रडलीस, ते रात्रभर डोक्यातून गेलं नाही. "महिना झाला आई, रोज कोणीतरी छातीवर येऊन बसतं आणि मला हलताच येत नाही." सहा वर्षं मीही तशीच खाली दबत आलेय, म्हणून लिहून पाठवते. जिउ-जित्सूच्या, म्हणजे आपल्या या जमिनीवरच्या कुस्तीच्या, क्लासला जाण्याआधी परत वाचता येईल.

तुझे आजोबा तालमीतले, लाल मातीत वाढलेले. त्यांच्या कुस्तीत पाठ लागली की चितपट, विषय संपला. मी पहिल्यांदा हॉलमध्ये पाठीवर झोपून पाय वर घेऊन सराव केला, तेव्हा ते कासावीस झाले होते. "अगं, आधी पालथी हो!" पाठ टेकण्याची ही धास्ती आपल्या घरातच आहे, तुझ्यातही ती उतरली असणार. ती आधी काढून टाक. जिउ-जित्सूत पाठीवर असताना समोरची तुझ्या दोन पायांच्या मधे अडकली असेल, तर तो गार्ड. तिथून तू तिला उलटवू शकतेस, हात धरू शकतेस, गळा धरू शकतेस. ब्राझीलमध्ये हा खेळ घडवणाऱ्यांपैकी रिओचा हेलिओ ग्रेसी अंगाने किरकोळ होता, त्याने खालून लढण्यावरच भर दिला. 1951 साली माराकाना स्टेडियममध्ये जपानचा जडशीळ जुडोपटू किमुरा त्याच्यावर भारी पडला, आणि ज्या पेचाने हरवलं त्या पेचाला ब्राझीलवाल्यांनी किमुराचंच नाव दिलं. मला हे फार आवडतं.

आता तुझं दुखणं. छातीवर बसलेल्या माणसाला सरळ हातांनी ढकलायचं नाही. नवीन प्रत्येक जण हेच करतो आणि ताठ झालेला हात आयता समोरच्याच्या ताब्यात देतो. कोपरं बरगड्यांना चिकटव. श्वास सोड, अगदी आवाज येईल असा. आधी श्वास, मग डाव.

मग वर बसलेल्या मुलीचा तुझ्या उजव्या बाजूला असलेला हात दोन्ही हातांनी छातीशी आवळ. त्याच बाजूचा तिचा पाय तुझ्या उजव्या पायाने बाहेरून अडव. हात आणि पाय दोन्ही अडकले म्हणजे त्या बाजूला तिला टेकायला काही उरलं नाही. टाचा ढुंगणाजवळ ओढ, कंबर जोरात वर उचल आणि उजव्या खांद्यावरून मागे बघत वळ. सरळ वर उचललंस तर ती पुन्हा तुझ्यावरच बसेल, तिरकं जायचं. तरी तिने हात सोडवून जमिनीवर टेकलाच, तर ते वाईट नाही. तिचा भार सरकतो त्याच क्षणी कुशीवर हो, कोपराने तिचा गुडघा खाली दाब आणि कंबर मागे काढून आपला गुडघा मधे घाल. गार्ड परत आला. कोळंबीसारखी कंबर मागे काढायची ही हालचाल खोलीत रोज कर. वीस इकडे, वीस तिकडे. कंटाळवाणी आहे, पण मला सगळ्यात जास्त वेळा तिनेच सोडवलंय.

स्पर्धेतले गुण बघितलेस तरी कशाला किती किंमत ते कळेल. खालून उलटवलं की 2, गार्ड ओलांडला की 3, छातीवर बसलं की 4 आणि पाठीवर पाय अडकवून स्वार झालं तरी 4. म्हणून आधी जागा मिळव, गळ्याची घाई नंतर.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगते. टॅप, म्हणजे हाताने थोपटून हार मानणं, वेळेवर कर. दुसऱ्या वर्षी माझा हात पूर्ण ताणला गेला होता आणि "अजून सुटेल" या हट्टात मी थांबले. कोपरात बारीक कट् असा आवाज झाला. सहा आठवडे मला पोळी लाटता आली नव्हती, बाबा लाटायचे.  गळ्याला तर अजून कमी वेळ मिळतो. मानेच्या दोन्ही बाजू नीट दाबल्या गेल्या की काही सेकंदांत शुद्ध हरपते. हात मोकळा नसेल तर पाय आपट, तोंडाने ओरड.

नखं कापत जा, आणि गी, म्हणजे सरावाचा जाड पोशाख, त्याच दिवशी धू. ओला गोळा बॅगेत ठेवू नकोस, अंगावर नायटा येतो.

दिवाळीला येताना गी घेऊन ये. मी सोफा भिंतीला सरकवते. आजोबा खुर्ची घेऊन बसणार म्हणालेत, त्यांना तुझा गार्ड बघायचाय.

तुझी,
आई