आधी गोठ्यात जा

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नैरोबीच्या राष्ट्रीय उद्यानात तुमचं शूटिंग सुरू झालं, फोटोही मिळाले. सिंहाच्या मागे शहरातल्या उंच इमारती दिसतात तो फोटो मी पुन्हा पुन्हा पाहिला. एक गोष्ट मात्र फोनवर नीट बोलता येईना, म्हणून हे पत्र.

त्या उद्यानाला तीन बाजूंनी कुंपण आहे, दक्षिणेची बाजू मोकळी. पाऊस झाला की झेब्रे आणि विल्डबीस्ट त्या बाजूने कितेंगेलाच्या माळावर पांगतात, आणि त्यांच्या मागोमाग सिंह. माळावर मसाईंची, म्हणजे तिथल्या गुरं पाळणाऱ्या लोकांची, गुरं असतात. म्हणजे दिवसा तुमच्या कॅमेऱ्यात आलेला सिंह रात्री कुणाच्या तरी बोम्यापाशी, म्हणजे कुंपण घातलेल्या गोठ्यापाशी, उभा असू शकतो. ही अर्धी गोष्ट तुमच्या फिल्ममध्ये आहे का रे?

तिथलाच रिचर्ड तुरेरे हा मसाई मुलगा. वडिलांची गुरं राखायचं काम त्याच्याकडे होतं. त्याने आधी जाळ करून पाहिला, तर उजेडात सिंहांना गोठा उलट नीट दिसू लागला. मग बुजगावणं उभं केलं, त्याला सिंह पहिल्या रात्री फसले, दुसऱ्या रात्री नाही. एका रात्री तो टॉर्च घेऊन गोठ्याभोवती फिरत राहिला आणि सिंह आले नाहीत. हलत्या उजेडाला ते बिचकतात, हे त्याने हेरलं. गाडीची जुनी बॅटरी, मोटरसायकलच्या इंडिकेटरची डबी, मोडक्या टॉर्चचे दिवे आणि सोलर पॅनेल जोडून त्याने लुकलुकणारे दिवे बनवले, तेव्हा तो 11 वर्षांचा होता. गुरं वाचली, आणि सूड म्हणून सिंह मारायचं कारणही उरलं नाही. संवर्धनाची याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही, आणि ती गोठ्यात घडली आहे.

आफ्रिकेच्या जंगलांची चित्रं आपण लहानपणापासून पाहिली, त्यांत माणूस जवळजवळ नसायचाच. ती जमीन रिकामी मात्र कधीच नव्हती. शेजारच्या टांझानियात, सेरेंगेटीच्या राष्ट्रीय उद्यानातून मसाईंना 1959 साली बाहेर काढलं, जवळच्या न्गोरोंगोरोत राहू दिलं. 2022 पासून तिथल्याही कुटुंबांना शेकडो किलोमीटरवरच्या म्सोमेराला हलवणं सुरू झालं. शिकार, कुंपणं, वाढती शहरं यांमुळे प्राणी संकटात आहेत हे मला मान्य आहे. पण शतकानुशतकं त्यांच्या शेजारी राहिलेल्या माणसांना चौकटीबाहेर ठेवून सांगितलेली गोष्ट मला पटत नाही.

आपल्या जुन्नरचंच बघ. बिबट्या विहिरीत पडला की कॅमेरे धावत येतात. रात्रीच्या लाईटवर मोटर चालू करायला उसात एकटा जाणारा शेतकरी कुणाच्या बातमीत असतो? ऊसतोडीत बछडी सापडली की मादी येऊन त्यांना घेऊन जावी म्हणून काम थांबवून दूर उभे राहणारे मजूरही मी पाहिले आहेत. हीच माणसं बिबट्याला राहू देतात, म्हणून तो राहतो. भीती त्यांच्या वाट्याला, कौतुक मात्र फक्त बिबट्याचं, याचं मला फार वाईट वाटतं.

केनियाच्याच वंगारी मथाई यांनी 1977 मध्ये झाडं लावण्याची ग्रीन बेल्ट चळवळ सुरू केली, ती खेड्यातल्या बायकांची गाऱ्हाणी ऐकून. सरपण मिळत नाही, पाणी मिळत नाही, पोरांना धड खायला नाही, असं त्या सांगत होत्या. त्यातून कोट्यवधी झाडं उभी राहिली.

म्हणून सांगते, कितेंगेलाला जाशील तेव्हा कॅमेरा लगेच काढू नकोस. मसाईंमध्ये घर बांधणं आणि गाई दोहणं हे बायकांचं काम. पाहुण्यांशी बोलायला पुरुष पुढे येतील, तू बायकांपाशीही बस. दुभाषी बाई मिळाली तर उत्तम. अंधारात धारा काढताना त्या कशाचा कानोसा घेतात, सिंह येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेला कशा पाठवतात, हे विचार. त्या काय म्हणाल्या ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई