एकवीस दिवस, एकच गाव

महोदय,

रविवारच्या पुरवणीत श्रीलंकेचा पाच दिवसांचा बेत वाचला. सिगिरिया, कँडी, नुवारा एलिया, गॉल आणि कोलंबो. वाचून जीव हळहळला. गेल्या जानेवारीत आम्ही दोघं तिथे एकवीस दिवस होतो, त्यातले सतरा दक्षिण किनाऱ्यावरच्या वेलिगामाजवळ एकाच घरी. सिगिरिया, तो खडकावरचा प्रसिद्ध किल्ला, बघायचं राहिलं. परत आल्यावर प्रत्येकाने पहिलं तेच विचारलं.

कल्पना ह्यांची. आमच्या आचऱ्यात पर्यटक येतात, तासाभरात ‘इथे बघण्यासारखं काय?’ विचारतात आणि तारकर्लीला पळतात. ह्यांना ते फार लागतं. दुसऱ्याच्या गावात आपण तसं वागायचं नाही, एवढंच ठरवून निघालो.

घरमालकीणबाईंना तिथे सगळे अक्का म्हणत. सिंहलीतही थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. बाजारात नारळ मोजताना ‘अट’, ‘दहय’ कानावर पडलं तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमचेच आठ, दहा की ते! सकाळी अक्का इंदिआप्प करायच्या. आपल्या शिरवाळ्यांचंच, म्हणजे तांदळाच्या शेवयांचंच भावंड, फक्त आपण पिठाचे उंडे आधी उकडून मग साच्यातून काढतो. त्या पीठ मळून आधी वेताच्या छोट्या चटईवर शेव पाडतात आणि मग वाफवतात. एक दिवस मी आपल्या पद्धतीने केले, नारळाच्या रसात तिथला कितुलचा गूळ घालून. अक्कांनी दोन घास रसाबरोबर खाल्ले आणि उरलेले खोबऱ्याच्या तिखट सांबोलाबरोबर. कितुल म्हणजे आपला भेरली माड. आपण तो मांडवाच्या शोभेला तोडतो, त्याचा गूळ होतो हे मला साठाव्या वर्षी कळलं.

घराच्या पडवीत दालचिनी सोलायचं काम चाले. माणसं जमिनीवर बसून फांदीची वरची साल खरवडत, मग पितळी दांड्याने ती घासघासून आतली साल सैल करत, सुरीने चिरा देऊन अलगद उतरवत. सुरळीत सुरळी भरून लांब कांड्या करत आणि छपराखाली दोऱ्यांवर वाळत ठेवत. आमच्या परसात दालचिनीची चार झाडं आहेत. आजवर आम्ही त्यांची नुसती पानं तोडली. तीन सकाळी हे जवळ बसून बघत होते, चौथ्या दिवशी सोलणाऱ्यांनीच ह्यांच्या हातात दांडा दिला.

पौष पौर्णिमेला, तिथल्या पोयाच्या सुट्टीला, अक्का मला पांढरी साडी नेसवून विहारात घेऊन गेल्या. पिंपळाला पाणी घातलं. परत येताना त्यांनी २०२२ सालच्या आर्थिक संकटाचं सांगितलं: गॅस मिळेना, पेट्रोलला रात्र-रात्र रांगा, तेव्हा मागच्या दारी चूल मांडली. ती चूल मी रोज बघत होते. पण त्या बोलल्या अकराव्या दिवशी. पाच दिवसांच्या बेतात अकरावा दिवस येतच नाही.

म्हणून विनंती आहे. पुरवणीत एकाच गावी पंधरा दिवस कसं राहावं, यावरही लिहून घ्या. श्रीलंकेचा पर्यटक व्हिसा ३० दिवसांचा मिळतो, हेही सांगा. आणि आमच्याकडे येणाऱ्यांसाठीही असं काही छापा. फाल्गुनात या, शिरवाळे मी करीन, दालचिनी हे सोलून दाखवतील.

— एक निवृत्त शिक्षिका, आचरा, ता. मालवण