याकुत्स्क ते अँकरेज: अंतर किती, वेळ किती

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

सायबेरियातल्या (रशिया) याकुत्स्कहून अलास्कातलं (अमेरिका) अँकरेज किती लांब आणि विमानाला किती वेळ लागेल, असं तू विचारलंस. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी अंतर. याकुत्स्क 62.03 अंश उत्तर, 129.73 पूर्व, अँकरेज 61.22 उत्तर, 149.90 पश्चिम. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार कर. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि रेखांशांतल्या फरकाचा कोसाइन, या तिघांचा गुणाकार त्यात मिळव. ज्या कोनाचा कोसाइन एवढा येतो, तो कोन 35.7 अंश. दर अंशाला 111.2 किमी धरलं की 3,970 किमी झाले. घोळ होतो तो चिन्हात. पश्चिम रेखांश उणे घ्यायला विसरलास तर उत्तर 1,065 किमी येईल, आणि ते खरं वाटण्याइतपत नीटनेटकं दिसतं!

दोन्ही शहरं जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, म्हणून नकाशावर सरळ पूर्वेची रेघ जवळची वाटते. ती 4,250 किमी भरते. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघ: तो उत्तरेकडे सरकतो आणि मध्यावर साडेसदुसष्ट अंशांपर्यंत, म्हणजे आर्क्टिक वृत्ताच्याही वर, रशियाच्या ईशान्य टोकाच्या चुकोत्का प्रदेशावरून जातो.

वेळेसाठी ताशी 850 किमी धर आणि चढ-उताराचा अर्धा तास मिळव: पाच तास दहा मिनिटं. पाठीमागून ताशी 100 किमीचा वारा असेल तर चार तास चाळीस मिनिटं, समोरून असेल तर पावणेसहा तासांच्या आसपास. पूर्वेकडे जाताना वेळ बहुधा कमी लागतो, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात.

पण असं विमानच नाही. 2022 पासून रशिया आणि अमेरिका यांची आकाशं एकमेकांच्या विमानांना बंद आहेत. मग वाट पार उलट्या दिशेने: मॉस्को (4,890 किमी), इस्तंबूल (1,750), सिअ‍ॅटल (9,740), अँकरेज (2,330). एकूण 18,700 किमी, म्हणजे सरळ अंतराच्या पावणेपाच पट, आणि नुसते हवेतलेच 26 तास. मॉस्को-इस्तंबूल टप्पा अंतराच्या मानाने लांबतो, कारण युक्रेनला वळसा घालावा लागतो.

तारखेचंही बघ. हिवाळ्यात याकुत्स्कचं घड्याळ अँकरेजच्या 18 तास पुढे असतं, उन्हाळ्यात 17. त्यामुळे पोहोचायची वेळ काढताना आधी सगळं याकुत्स्कच्या वेळेत मोज आणि मगच 17 किंवा 18 तास वजा कर.

जानेवारीत जाणार असशील तर मॉस्कोला पूर्ण एक दिवस मोकळा ठेव. तापमान उणे 40 च्या खाली गेलं की याकुत्स्कवर बर्फाच्या कणांचं धुकं बसतं आणि उड्डाणं खोळंबतात. मॉस्कोपर्यंतचं तिकीट वेगळं काढलं असेल तर पुढचं विमान तुझ्यासाठी थांबणार नाही.

तुझा,
मित्र