रेझिडेन्शियरी म्हणजे कोण रे?

प्रिय मंग्या,

उत्तराला उशीर झाला, शिव्या भेटल्यावर घाल. तू विचारलं होतंस की इंग्लंडमधल्या कॅथेड्रलच्या (म्हणजे बिशपचं मुख्य चर्च) माहितीत "कॅनन रेझिडेन्शियरी" असं असतं तो नक्की कोण, आणि बाकीचे कॅनन काय फुटपाथवर झोपतात का. हसलो खूप, पण प्रश्न बरोब्बर जागी लागलाय.

कॅनन म्हणजे कॅथेड्रलचा पाद्री. मूळ ग्रीक शब्द मोजायच्या काठीचा, त्यावरून नियम, आणि नियमाने राहतो तो कॅनन. आठव्या शतकात मेट्झचा बिशप क्रोडेगांग याने त्यांना नियमच घालून दिले, एकत्र जेवा, एकत्र झोपा, फक्त मठातल्या साधूंसारखी मालमत्ता सोडायची सक्ती नाही. गोची इथेच आहे बघ. पुढे एकत्र राहणं मोडलं, प्रत्येकाच्या नावावर वेगळी जमीन, वेगळं उत्पन्न, त्याला प्रेबेंड म्हणायचे, आणि एकदा इनाम नावावर चढलं की रोज पहाटे थंडीत प्रार्थनेला उभं राहायला कोण येतंय? कोणी राजाच्या कचेरीत कारभारी, कोणी रोमला, कोणाकडे दोनतीन कॅथेड्रलची प्रेबेंडं. लंडनच्या सेंट पॉल्सला ३० कॅनन होते पण प्रत्यक्ष राहणारे मूठभर. मग त्या मूठभरांना वेगळं नाव पडलं, लॅटिनमध्ये रेसिडेन्शियारियस, ठाण मांडून बसलेला. ऐकायला मोठी पदवी वाटते, पण आहे हजेरीपटातला शब्द.

आता तू म्हणशील की राहणाऱ्यांचे हाल झाले असतील. छे! हजर राहणाऱ्यांना सामाईक फंडातून जादा वाटा मिळायचा, सेंट पॉल्सची तर स्वतःची पावाची भट्टी आणि बिअर गाळायची जागा होती. म्हणजे खाणारी तोंडं कमी तेवढं बरं, त्यामुळे नव्याने राहायला येणाऱ्याने पहिल्या वर्षी जेवणावळी घालायच्या असा दंडकच होता आणि तो खर्च बघूनच लोक पळायचे. मला तर हा डाव फार हुशारीचा वाटतो.

आणि गाणं-प्रार्थना कोण करायचं? बदली माणसं. व्हिकर म्हणजे मुळात बदली, दुसऱ्याच्या जागी उभा राहणारा. वेल्सला (देश नाही रे, सॉमरसेटमधलं गाव) चौदाव्या शतकात या बदली लोकांसाठी बांधलेली अख्खी गल्ली आहे, व्हिकर्स क्लोज, समोरासमोर दगडी घरं, उंच धुराडी, आणि पंधराव्या शतकात रस्त्यावरून एक पूल केला, तिथून थेट कॅथेड्रलमध्ये. कॅनन गायब आणि त्यांच्या बदली माणसांची घरं अजून उभी, त्यात अजूनही माणसं राहतात.

पुढे रेझिडेन्शियरी पण चलाख झाले. वर्षाला साधारण तीन महिने पाळी केली की बास, उरलेलं वर्ष आपापल्या गावी. सिडनी स्मिथ नावाचा एक भयंकर विनोदी पाद्री १८३१ मध्ये सेंट पॉल्सचा रेझिडेन्शियरी झाला, तिकडे सॉमरसेटमधलं चर्चही हातात ठेवून. सरकार कॅथेड्रलच्या या पदांमध्ये सुधारणा करायला निघालं तेव्हा याने पत्रांमागून पत्रं छापून विरोध केला, त्याचा मुद्दा असा की मोठ्या बक्षिसांची, म्हणजे अशा कमाईच्या पदांची, आशा नसेल तर चांगली माणसं गरीब चर्चात येणारच नाहीत. युक्तिवाद तसा चूक नाही पण बोलणारा बक्षीस खिशात घालून बसलेला! शेवटी १८४० च्या कायद्याने बहुतेक कॅथेड्रलना चारच रेझिडेन्शियरी ठेवले, बाकीच्या प्रेबेंडांचं उत्पन्न पद रिकामं होईल तसं चर्चच्या पैशांचा कारभार बघणाऱ्या कमिशनकडे.

आज ते पूर्णवेळ काम आहे, कोणी संगीत बघतो, कोणी शिक्षण, राहायला कॅथेड्रलचं घर. तरी "कॅनन इन रेझिडन्स" म्हणून आळीपाळीने ड्युटी लागतेच.

तुमच्या तुळजापूरला पाळीकर पुजारी असतात ना, एखाद्याला पाळीला यायला जमलं नाही तर त्याच्या जागी कोण उभं राहतं, आणि त्या दिवसाचं उत्पन्न कोणाचं? मामांना विचारून कळव.

तुझा,
पक्या