रजोनिवृत्ती औषधांनी आणलेली नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील रजोनिवृत्तीवरील लेख वाचला. आमच्याकडे बायका अजूनही दबक्या आवाजात बोलतात तो विषय छापलात, याबद्दल आभार. मात्र 'औषधांमुळे आयुष्य वाढले म्हणून रजोनिवृत्ती दिसू लागली' हे त्यातील विधान पटले नाही. टांझानियातील हाड्झा हा शिकार आणि कंदमुळांवर जगणारा समाज. तिथेही ४५ वर्षे गाठलेल्या स्त्रिया पुढे बरीच वर्षे जगतात, जमिनीतून कंद खणतात, नातवंडांना भरवतात.

युगांडातील न्गोगो येथील रानटी चिंपांझींवरचे संशोधन २०२३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आले. तिथल्या माद्यांना पन्नाशीनंतर पिल्ले होत नाहीत, त्यांच्या संप्रेरकांतील बदल स्त्रियांसारखेच असतात, आणि प्रौढ आयुष्याचा सुमारे पाचवा हिस्सा त्या प्रजननाविना जगतात. चिंपांझींच्या लेकी वयात आल्या की बहुधा दुसऱ्या टोळीत जातात, त्यामुळे प्रजनन थांबल्यावरही मादी इतकी वर्षे का जगते, याचे 'आजीने लेकीची मुले सांभाळावीत म्हणून' हे कारण तिथे फारसे लागू पडत नाही. म्हणजे कोडे अजून पुरते सुटलेले नाही, पण त्याचे उत्तर दवाखान्यात नक्कीच नाही.

खानापूर भागात भातलावणीच्या दिवसांत आजी तान्ह्याला सांभाळते, तेव्हाच सून चिखलात उतरू शकते. अशा बाईच्या उरलेल्या वर्षांना औषधांनी दिलेली वाढीव मुदत म्हणणे मला अन्यायाचे वाटते. पुढील लेखात हाडांची झीज, अंगाची लाही आणि झोपमोड यांविषयी तज्ज्ञांकडून सविस्तर लिहून घ्यावे, ही विनंती.

– एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)