डॉक्टर मॅडम, बाबांच्या दाढेसाठी मनापासून थँक्यू

मॅडम, क्लिनिकमधून निघताना थँक्यू म्हटलं पण तेवढ्याने माझं समाधान होईना, आणि ज्यांच्या घरात इम्प्लांटचा, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर नवा दात लावण्याचा, निर्णय असाच अडकून पडलाय त्यांनाही कळावं म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय.

बाबांच्या खालच्या डाव्या दाढा पडून बरीच वर्षं झाली, तिथलं हाड झिजलेलं आणि त्याच्या खालूनच ओठाला नि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो हे ऐकल्यापासून बाबा इम्प्लांटचं नाव काढू देत नव्हते, रोज भजनाला बसणारा माणूस, त्यांना ओठाचीच काळजी. तुम्ही ती भीती हसण्यावारी नेली नाहीत. सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्रीडी एक्स-रे, स्क्रीनवर फिरवून नस कुठून जाते ते दाखवलंत, तिच्या वर २ मिलिमीटर तरी जागा सोडणारच, नसेल उरत तर स्क्रू आखूड घेऊ म्हणालात. थ्रीडी प्रिंट केलेला गाइड, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा तोंडात बसवायचा साचा, का नको तेही सांगितलंत, बाबांचं तोंड कमी उघडतं, मागे गाइड आणि त्यातून लांब ड्रिल मावणार नाही, म्हणून कॅमेऱ्यावर चालणारं नेव्हिगेशन.

नेव्हिगेशन म्हटलं की मशीनच ऑपरेशन करतं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाहीये. ड्रिलला एक मार्कर, बाबांच्या दातांवर बसवलेल्या क्लिपला दुसरा, कॅमेरा दोन्हीवर लक्ष ठेवतो आणि टोक हाडात कुठे, किती खोल, किती तिरकं ते लगेच स्क्रीनवर दिसतं, पण हात तुमचाच! आणि मला खरे आभार मानायचेत ते पुढच्या गोष्टीचे. ड्रिल बदललं की दर वेळी तुम्ही टोक आधी बाबांच्या शाबूत दाताला टेकवून बघत होतात, स्क्रीनवरही ते तिथेच टेकलंय ना. मधे एकदा जुळेना, क्लिप जराशी हलली होती. तुम्ही तिथेच थांबलात, क्लिप परत बसवली, सगळी जुळवणी नव्याने केलीत, आणि "काका, थोडा वेळ जास्त लागेल, चालेल ना?" असं विचारलंत सुद्धा. बाहेर पेशंट खोळंबलेले असताना हे करायला फार मोठं मन लागतं हो.

किती वर्षं टिकेल या बाबांच्या प्रश्नाला तुम्ही गॅरंटी दिली नाहीत हेही मला आवडलं. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क या डॉक्टरांनी १९६५ साली ज्या पहिल्या पेशंटला टायटॅनियमचे स्क्रू बसवले त्याला ते ४० वर्षांहून जास्त पुरले हे सांगितलंत, आणि लगेच शुगर सांभाळा, तंबाखू नको, हिरड्या साफ ठेवा हेही बजावलंत.

ओठ अगदी व्यवस्थित आहे मॅडम, भूल उतरल्यावर बाबांनी स्वतःच चारचारदा चाचपून बघितला. तुमच्या असिस्टंट ताईंनाही थँक्यू सांगा, कॅमेऱ्याच्या आड काही येऊ नये म्हणून बिचाऱ्या पूर्ण वेळ अवघडून उभ्या होत्या. हाडाने स्क्रू घट्ट धरला की वरची दाताची कॅप बसवायला येतोच.